तुटलेल्या तारेचा आवाज : एका रंगसूचनेचं प्रकरण

रशियन नाटककार चेखवचं ‘चेरीची बाग’ हे एका जमीनदार घराण्याची बाग हातची जाण्याचं नाटक. त्याच्या दुसऱ्या अंकात एक आवाज होतो. रंगसूचना दोन ओळींची आहे. सगळे आपापल्या विचारात बसलेले, शांतता, म्हातारा नोकर फिर्स तेवढा स्वतःशी पुटपुटतोय. आणि एकाएकी लांबून, जणू आकाशातून, तार तुटल्याचा आवाज येतो, विरत जाणारा, उदास. चौथ्या अंकाच्या शेवटी तोच आवाज, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा येतो. अख्ख्या नाटकात हा आवाज एवढाच.

तरी मॉस्को आर्ट थिएटरला तो जमेना. नाटकाचा पहिला प्रयोग १७ जानेवारी १९०४ ला झाला (तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, पुढच्याही). त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ मार्चला, चेखव याल्टाहून बायकोला पत्र लिहितो. बायको म्हणजे नटी ओल्गा क्निप्पर, नाटकात बागेच्या मालकिणीचं, रानेव्हस्कायाचं, काम करणारी. पत्रात निरोप असा : नेमिरोविचला सांग, दुसऱ्या आणि चौथ्या अंकातला आवाज आखूड हवा, खूपच आखूड, आणि अगदी लांबून आल्यासारखा वाटला पाहिजे. पुढे वैतागून लिहितो की नाटकात इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना एका आवाजासारखी फुटकळ गोष्ट यांना जमवता येत नाही.

नेमिरोविच-दान्चेन्को आणि स्तानिस्लावस्की हे त्या थिएटरचे दोन खांब. ध्वनीच्या बाबतीत तर त्या काळी त्यांच्याइतकी मेहनत क्वचितच कुणी घेत असेल. मग नेमका हाच आवाज का अडला? चेखव म्हणतो तशी ती सूचना खरंच स्पष्ट आहे का? मला वाटतं, नाही. आणि ती तशी नाही म्हणूनच हे प्रकरण आजही कामाचं आहे.

आधीचे बेडूक

भांडण जुनं होतं. १८९८ च्या सप्टेंबरमध्ये चेखवच्याच ‘सीगल’ या नाटकाच्या तालमी चालू असताना एका नटाने चेखवला कौतुकाने सांगितलं की प्रयोगात पडद्यामागे बेडूक डरावतील, चतुर भिरभिरतील, कुत्री रडतील. चेखवने विचारलं, कशाला? नट म्हणाला, खरं वाटतं. यावर चेखव हसला आणि त्याने क्रामस्कोय या चित्रकाराचं उदाहरण दिलं. त्याच्या एका चित्रात माणसांचे चेहरे सुरेख रंगवले आहेत. त्यातल्या एकाचं रंगवलेलं नाक कापून तिथे खरं नाक बसवलं तर? नाक खरं होईल, चित्र मात्र वाया जाईल. तालमीला असलेल्या मेयरहोल्ड या नटाने हे टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

स्तानिस्लावस्कीने स्वतःच्या आठवणींत आणखी एक टोमणा दिला आहे. चेखव त्याला ऐकू जाईल अशा बेताने कुणाला तरी सांगत होता, की मी आता नवं नाटक लिहिणार आणि त्याची सुरुवात अशी करणार : ‘काय छान, किती शांत! पक्षी नाहीत, कुत्री नाहीत, कोकिळा नाहीत, घुबड नाही, नाइटिंगेल नाही, घड्याळं नाहीत, घंटा नाहीत, एकसुद्धा रातकिडा नाही.’

हे वाचून बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात : चेखवला आवाज नको होते, स्तानिस्लावस्कीला हवे होते. तो चुकीचा आहे. ‘थ्री सिस्टर्स’मध्ये आगीची घंटा वाजते. तिच्या तालमीत चेखव स्वतः लक्ष घालत होता, लहान गावातल्या घंटेचा तो फाटका, काळीज ओढणारा नाद कसा हवा ते समजावत होता, हेही स्तानिस्लावस्कीनेच लिहून ठेवलंय. ‘अंकल वान्या’च्या शेवटच्या अंकात पाहुणे निघून जातात ते आपल्याला घोड्यांच्या घुंगरांवरून कळतं. ‘चेरीच्या बागे’त तर पानोपानी आवाज आहेत : कारकून येपिखोदोव्हची गिटार, लांबून ऐकू येणारा वाद्यवृंद, बिलियर्ड, रानेव्हस्कायाची मानलेली मुलगी वार्या हिने जमिनीवर फेकलेल्या किल्ल्या, कुऱ्हाड. चेखवइतका कानाने लिहिणारा नाटककार विरळा. त्याचा आक्षेप आवाजाला नव्हता.

तो कशाला होता ते नोव्हेंबर १९०३ च्या पत्रव्यवहारात दिसतं. ‘चेरीच्या बागे’चा दुसरा अंक उघड्यावर घडतो : जुनं मोडकळलेलं प्रार्थनामंदिर, विजेच्या नव्हे तर तारायंत्राच्या खांबांची रांग, फार लांब क्षितिजावर शहर. स्तानिस्लावस्कीने लिहिलं की एखाद्या विरामात धूर सोडत जाणारी आगगाडी दाखवू द्या, आणि अंकाच्या शेवटी बेडकांची मैफल आणि कॉर्नक्रेकचं ओरडणं. कॉर्नक्रेक म्हणजे उंच गवतात दडून कर्कश, खरवडल्यासारखं ओरडणारा पक्षी. चेखवचं उत्तर २३ नोव्हेंबरचं. गाडी आवाजाशिवाय, एकही आवाज न करता, दाखवता येत असेल तर खुशाल दाखवा. गवताची कापणी साधारण २० ते २५ जूनला होते. तोवर कॉर्नक्रेक बहुधा ओरडायचा थांबलेला असतो, बेडूकही गप्प झालेले असतात, ओरडतो तो फक्त हळद्या.

हे उत्तर मला फार आवडतं. ‘कलेत असलं चालत नाही’ असं तो म्हणत नाही. तो दिग्दर्शकाला त्याच्याच वास्तववादाच्या मैदानात चीत करतो. तुम्हाला खरे आवाज हवेत ना, मग त्या आठवड्यात रानात खरोखर कोण ओरडतं ते आधी पाहून या.

पण या चिमट्यामागे एक हिशेब आहे. बेडकांची मैफल मागितली होती ती ज्या अंकात तार तुटते त्याच अंकात. दोन ओळींच्या त्या सूचनेत पहिला शब्द आवाजाबद्दल नाहीच, शांततेबद्दल आहे. त्याच्या जरा आधी येपिखोदोव्ह गिटार वाजवत मागून निघून जातो. रानेव्हस्कायाचा भाऊ गायेव निसर्गावर भाषण ठोकू लागतो, मंडळी त्याला गप्प करतात, तो गप्प बसतो. एकेक आवाज असा बंद होत होत उरतं फक्त म्हाताऱ्याचं पुटपुटणं. चेखवने आवाजाला जागा मोकळी करून दिली आहे. त्या अंकाची हवा जर आधीच कीटक-पक्ष्यांनी भरलेली असेल तर तार तुटली काय नि न तुटली काय, प्रेक्षक तिला रानातला आणखी एक प्राणी समजून सोडून देणार. बेडकांबद्दलचं नोव्हेंबरचं पत्र आणि तारेबद्दलचं मार्चचं पत्र, दोन्हींत तक्रार एकच आहे.

स्तानिस्लावस्कीची बाजूही खोटी नव्हती. १८९८ मध्ये त्याच्याकडे बरेचसे कोवळे नट होते आणि हातात असं नाटक, ज्यात महत्त्वाचं सगळं न बोलता घडतं. रातकिडे वाजत असले की नटाला लांब विराम पेलतो, प्रेक्षकालाही तो रिकामा वाटत नाही. ‘सीगल’ त्याआधी १८९६ मध्ये पीटर्सबर्गला साफ पडलं होतं. मॉस्कोत ते उभं राहिलं, त्यात त्या आवाजांचाही वाटा होता. पण कुबड्यांची सवय लागते, हेही आलंच.

लांब म्हणजे हळू नव्हे

आता त्या सूचनेकडे ध्वनीचं काम करणाऱ्याच्या नजरेने बघू. आवाज लांबचा हवा, आकाशातून आल्यासारखा हवा, तार तुटल्याचा हवा, विरणारा हवा आणि उदास हवा. शेवटचं विशेषण बाजूला ठेवू. उदासपणा आवाजात नसतो, ऐकणाऱ्यात असतो, आणि त्याची सोय नाटककाराने आधीच करून ठेवली आहे. उरलेली चारही एकमेकांच्या पायात पाय घालतात.

लांबचा आवाज म्हणजे हळू केलेला जवळचा आवाज नव्हे. विंगेत उभं राहून तार हळूच तोडली तर विंगेत कुणीतरी हळूच तार तोडली असंच ऐकू येतं. अंतर कापताना हवा आवाजातले वरचे, टोकदार स्वर जास्त गिळते, खालचे टिकतात. जवळ पडणारी वीज कडाडते आणि मैलभरावरची नुसती गडगडते, ते त्यामुळेही. शिवाय लांबचा आवाज सरळ वाटेने थोडा आणि इकडे-तिकडे आपटून जास्त येतो, त्यामुळे त्याची सुरुवात बोथट होते. तार तुटणं ही तर जवळजवळ सगळीच सुरुवात! तिचा तो चटका बोथट केला की ती तार तुटल्यासारखी वाटत नाही. ठेवला की लांबची वाटत नाही.

‘आकाशातून’ हे आणखी अवघड. डावं-उजवं आपण चटकन ओळखतो, कारण आवाज एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. वर-खाली ओळखण्यासाठी कानाच्या पाळीच्या वळणांची मदत लागते, आणि ती वळणं मुख्यतः त्या वरच्या, टोकदार स्वरांवर काम करतात. ते तर अंतराने गिळलेले. म्हणजे खरोखर लांबून, आकाशातून आलेल्या आवाजाची दिशा आपल्याला धड कळणारच नाही. माझ्या मते चेखवच्या सूचनेचा व्यवहारातला अर्थ हाच आहे : कुठून आला ते कुणालाही बोट दाखवून सांगता येऊ नये. ‘जणू’ हा शब्द त्याने उगाच घातलेला नाही.

तारेचं तिसरंच. तंबोरा जुळवताना तार तुटलेली ज्यांनी ऐकली आहे त्यांना माहीत असेल : तुटलेली तार स्वतः वाजत नाही. ताण गेला की तिचा सूर त्याच क्षणी संपतो. आधी एक थप्पड ऐकू येते, आणि मग बाकीच्या तारा आणि भोपळा मिळून थोडा वेळ घुमत राहतात. विरतो तो राहिलेल्या तारांचा आवाज. चेखवच्या सूचनेत ‘तुटणं’ आणि ‘विरणं’ शेजारी-शेजारी आहेत; मॉस्कोवाल्यांनी बहुधा विरण्याला धरून ठेवलं आणि आवाज लांबवला. चेखवचं ‘आखूड, खूपच आखूड’ तिथे लागू पडतं. विरणं म्हणजे रेंगाळणं नव्हे.

त्या काळचं साहित्यही लक्षात घ्या. ध्वनिवर्धक नव्हते. गडगडाटासाठी लोखंडी पत्रा हलवायचे किंवा लाकडी पन्हाळीतून जड गोळे सोडायचे. वाऱ्यासाठी पट्ट्यांच्या पिंपावर जाड कापड ताणून पिंप फिरवायचे. पावसासाठी पेटीत वाटाणे घोळवायचे. हे सगळे आवाज दोन गोष्टींत सारखे होते : प्रेक्षकाला ते ओळखीचे होते आणि ते सलग चालणारे होते. पडद्यामागच्या माणसाचा हात ज्या कामात बसला होता ते काम हेच. चेखव मागत होता एकदाच होणारा, क्षणभराचा, कुणीही न ओळखलेला आवाज. सवयीचं एकही यंत्र इथे उपयोगाचं नव्हतं.

‘कसला आवाज झाला?’

मात्र या प्रकरणातली खरी गोम यंत्रात नाही. आवाजानंतर मंचावर काय होतं ते पाहा.

रानेव्हस्काया विचारते, काय होतं ते? व्यापारी लोपाखिन म्हणतो, माहीत नाही. कुठेतरी लांब खाणीत पोहरा सुटून पडला असेल, पण फार लांब. गायेव म्हणतो, एखादा पक्षी असेल, बगळ्यासारखा. विद्यार्थी त्रोफिमोव्ह म्हणतो, नाहीतर घुबड. रानेव्हस्काया शहारते, म्हणते, कसंतरीच वाटलं. मग फिर्स बोलतो : अरिष्टाच्या आधीही असंच झालं होतं, घुबड ओरडत होतं आणि सामोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) सारखा गुणगुणत होता. कुठल्या अरिष्टाच्या आधी? ‘मुक्तीच्या’, फिर्स सांगतो. म्हणजे १८६१ ची भूदासांची मुक्तता. जन्माचा भूदास असलेला म्हातारा स्वतःच्या सुटकेला अरिष्ट म्हणतोय.

घरात रात्री अनोळखी आवाज झाला की हेच घडतं. कुणीतरी ‘कसला आवाज?’ म्हणून विचारतं आणि प्रत्येक जण आपापल्या स्वभावातून उत्तर देतो. एक म्हणतो मांजर, एक म्हणतो वारा, एक उठून कडी पाहून येतो, आणि एखादी आजी जुनी गोष्ट काढते. उत्तर मिळालं की आवाज विझतो. पटलं नाही तरी विझतो. रोजच्या जगण्यात आपण आवाजाचं कारण शोधतो ते मुख्यतः पुन्हा झोपता यावं म्हणून.

चेखवने या सवयीचा नेमका वापर केलाय. व्यवहारी लोपाखिन यंत्राचं कारण देतो. आळशी, हळवा गायेव पक्षी ऐकतो. शिकलेला त्रोफिमोव्ह त्या पक्ष्याला दुरुस्त करतो, त्याची खोडच ती. आणि सगळ्यांत कमी ऐकू येणारा फिर्स इतिहास ऐकतो. आवाज एक, पण त्याने बसलेल्या प्रत्येकाचा स्वभाव एकेका वाक्यात उघडा केला. म्हणून हा आवाज ‘इफेक्ट’ नाही. तो नाटकातला एक प्रसंग आहे, आणि त्याचे निम्मे धागे ऐकणाऱ्या नटांच्या हातात आहेत. मॉस्कोत तो लांबला असेल तर नुकसान इथे झालं असणार. आवाज अजून चालू असताना ‘काय होतं ते?’ या प्रश्नाला अर्थ राहत नाही. प्रश्न पडायला आवाज संपलेला हवा, आणि इतका चटकन संपलेला हवा की आपण खरंच ऐकला का अशी शंका यावी.

लोपाखिनचं उत्तर, जाता जाता, निव्वळ अंदाज नाही. १८८७ च्या ‘सुख’ या कथेत चेखवने हाच प्रसंग एकदा लिहिला होता. स्टेपच्या माळावर रात्री मेंढपाळ बसलेले असतात. लांब काहीतरी भीषण धडकतं, दगडावर आपटतं आणि ‘ताख! ताख! ताख! ताख!’ करत माळावर धावत जातं. तरुण मेंढपाळ जरा विचार करून सांगतो, खाणीत पोहरा सुटला. चेखव तागानरोगचा, कोळशाच्या खाणींचा दोनेत्स प्रदेश तिथून जवळ. हा आवाज त्याच्या मुलखातला होता. खाणीतल्या पोहऱ्याला ताणलेला दोर असतो आणि सुटतो तेव्हा तोही एक तारच असतो. म्हणजे कथेतलं कारण आणि नाटकातली उपमा एकाच मुळाची आहेत. फरक इतकाच की कथेत चेखव आवाजाची अक्षरं लिहू शकला. नाटकात त्याने फक्त उपमा दिली, बाकी थिएटरवर सोडलं आणि मग त्याला ‘स्पष्ट’ म्हटलं.

चौथ्या अंकातली अडचण वेगळी

बहुतेक प्रयोगांत दोन्ही आवाज अगदी एकसारखे वाजवतात, सूचनेचे शब्द एकसारखे म्हणून. मला ते पटत नाही. दुसऱ्यांदा मंचावर कुणी नाही. दारांना कुलपं लागली, गाड्या निघून गेल्या, विसरलेला आजारी फिर्स एकटाच येऊन आडवा झाला आहे, आणि त्याला धड ऐकू येत नाही. ‘काय होतं ते?’ विचारायला कुणी उरलेलं नाही, पोहरा-बगळा-घुबड असली उत्तरं द्यायलाही नाही. आता ऐकणारे फक्त प्रेक्षक. पहिल्या वेळी आवाज मंचावरच्या माणसांसाठी असतो आणि आपण त्यांना ऐकताना पाहतो. दुसऱ्या वेळी तो थेट आपल्याकडे येतो. ध्वनीची पट्टी तीच ठेवली तरी चालेल. भोवतालची शांतता मात्र तीच राहिलेली नाही, आणि संयोजन त्या शांततेचं करायला हवं.

इथेच चेखवची दुसरी तक्रार उपयोगी पडते. २९ मार्च १९०४ च्या पत्रात तो म्हणतो की जो अंक जास्तीत जास्त १२ मिनिटं चालायला हवा तो तुमच्याकडे ४० मिनिटं चालतो. स्तानिस्लावस्कीने माझं नाटक बुडवलं. त्यात अतिशयोक्ती गृहीत धरू. याल्टात अडकलेला, क्षयाने खंगलेला माणूस लिहितोय, आणि त्यानंतर चारेक महिन्यांच्या आत तो गेला. पण रेंगाळणाऱ्या अंकाच्या शेवटी रेंगाळणारा आवाज आला तर तो अंत्ययात्रेच्या वाद्यासारखा वाटणार. या नाटकाला विनोदी म्हणणाऱ्या लेखकाला ते सोसणं शक्य नव्हतं. आवाजाची लांबी ही अंकाच्या लयीची बाब आहे, ध्वनिविभागाने एकट्याने सोडवायची नाही.

आज अडचण उलटी झाली आहे. हवा तो आवाज, हव्या त्या कोपऱ्यातून, हव्या तेवढ्या घुमाऱ्यासह काढता येतो, आणि म्हणून तो सगळीकडून, सहा-सहा सेकंद, चित्रपटात शोभेल अशा थाटात येतो. प्रेक्षक लगेच ओळखतो : ध्वनिसंयोजन. ओळखलं की संपलं. काही ठिकाणी तो इतका किरकोळ असतो की लोक आधी आपापल्या पिशव्यांतले फोन चाचपतात. त्यातल्या त्यात मला हा दुसरा प्रकार बरा वाटतो, निदान कुणी क्षणभर अस्वस्थ तरी होतं.

मी या कामावर असतो तर तारेच्या आधी बाकीचे आवाज मोजले असते : त्या शांततेच्या आधीच्या पाच मिनिटांत मंचावर आणि मंचामागे काय काय वाजतं, त्यातलं काय काढता येईल. मग तालमीत नटांना न सांगता आवाज सोडला असता, वेगवेगळ्या जागांवरून, आणि आवाजाऐवजी नटांच्या माना पाहिल्या असत्या. एका दिशेला सगळ्यांच्या माना वळल्या तर जागा चुकली. वेगवेगळ्या दिशांना वळल्या तर तिथेच ठेवायचा. ध्वनिवर्धक वापरायचाच तर प्रेक्षागृहाकडे तोंड करून नाही. भिंतीकडे किंवा वर मचाणाकडे, म्हणजे सरळ वाट बंद होईल आणि टोकदार स्वर आपोआप गळतील. सूर किंचित घसरत खाली जाणारा असावा, कारण ताण जाताना तेच होतं. आणि ऐकू आल्यासारखा वाटेल त्याच्याही जरा आधी कापायचा.

कुऱ्हाडीची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागेल. नाटक तारेवर संपत नाही. तारेनंतर शांतता आणि मग फक्त लांब बागेत झाडावर पडणारी कुऱ्हाड, त्यावर पडदा. ती याच अंकात आधी येऊन गेली आहे : आई निघेपर्यंत तोड थांबवा असं रानेव्हस्कायाची मुलगी आन्या सांगायला येते आणि बाग विकत घेतलेल्या लोपाखिनला ते मानावं लागतं. कुऱ्हाडीला कारण आहे, मालक आहे, वेळसुद्धा ठरलेली आहे. तिच्याबद्दल कुणाला काही विचारायची गरज नाही. अनेक प्रयोगांत शेवटचा ठसा उमटवायच्या हौसेने ती कानाशी आणून दणकावतात. सूचनेत ती लांब बागेत आहे.